अर्धी बातमी छापणारा संपादक

आमच्या चांद्यात सगळ्यात कमी खपणारं आणि सगळ्यात जास्त वाचलं जाणारं साप्ताहिक एकच होतं. एकानं अंक घ्यायचा आणि सगळ्या गल्लीनं वाचायचा, अशी रीतच पडून गेली होती. संपादकांना त्याचं काही वाटत नसे. उलट एखाद्यानं स्वतःसाठी कोरा अंक विकत घेतला, की ते त्याच्याकडे संशयानं बघत आणि विचारत, "काऊन, शेजाऱ्याशी भांडन झालं काय?"

त्यांना सगळे भाऊ म्हणत. संपादक भाऊ, मुद्रक भाऊ, छपाईचे शिशाचे खिळे जुळवणारे भाऊ आणि पोस्टात गठ्ठे नेऊन टाकणारेही भाऊच. छापखान्यात त्यांच्याशिवाय एकच माणूस काम करी, ती म्हणजे त्यांची बायको. तिला आम्ही बाई म्हणायचो. बाई पायानं ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, चालवत आणि हातानं कागद लावत. नवऱ्याचा अग्रलेख पटला नाही की त्यांचा पाय हळू पडे. माझं वकिलीचं ऑफिस त्याच घराच्या माडीवर होतं, त्यामुळे या आठवड्यात घरात एकमत आहे की नाही ते मला वर बसून कळायचं.

भाऊ उंच आणि हडकुळे. बोटं कायम शाईनं काळी. बाराही महिने हातात छत्री असे, पण ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. धो धो पावसात माणूस मिटलेली छत्री काखेत मारून चाललाय म्हटल्यावर लोक हसणारच. मी एकदा न राहवून विचारलं तेव्हा म्हणाले, "वकील, छत्री उघडली का मानसाले मानूस दिसत नाई. ज्याले माह्याशी बोलाचं आहे तो पाठमोरा निघून जाते. अंग वाळते, गेलेली बातमी येत नाई."

मग घेताच कशाला, असं मी विचारलं. "बाईले बरं वाटते," म्हणाले.

बातमी घ्यायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. खेड्यापाड्यांतून माणसं येत. कुणी मोहफुलांच्या दराची तक्रार घेऊन, कुणी तलावाच्या पाण्याची. भाऊ त्यांना बाकावर बसवत आणि स्वतः पाठ फिरवून खिळ्यांच्या खणांसमोर उभे राहत. "बोला. हात चालू आहेत, कान मोकळे आहेत." माणूस बोलत जाई आणि भाऊ एकेक अक्षर उचलून पट्टीत बसवत जात. म्हणजे बातमी कागदावर कधी उतरायचीच नाही. ती त्या माणसाच्या तोंडातून निघाली की सरळ शिशात. अंक छापून झाला की खिळे सुटे करून पुन्हा खणांत टाकायचे, की झालं.

मला वकील म्हणून हे बघवत नसे. "भाऊ, हातानं लिहिलेला कच्चा मजकूर तरी ठेवत जा. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर कामी येईल."

"जे आपल्या कामी येईन ते फिर्यादीच्याही कामी येईन ना, वकील?"

अशील शहाणा असला की वकिलाचे हाल कुत्रा खात नाही.

त्यांचं आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "ऋषीचं कूळ अन् नदीचं मूळ इचारू नये म्हनतेत. मी त्यात तिसरं घातलो, बातमीचं माहेर." बातमी कुठून आली हे त्यांनी मलाच काय, बाईंनाही कधी सांगितलं नाही. बाई चहाचा कप बाकावर ठेवत आणि मागच्या अंगणात निघून जात. मी एकदा खोदून विचारलं तर म्हणाल्या, "मले कपबशा मालूम आहेत. मानसं त्याहीले मालूम."

हे सगळं गमतीचं वाटे, ते ती सागवानाची बातमी येईपर्यंत.

आमचा जिल्हा मुंबई राज्यात जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या साली होळीच्या सुमारास भाऊंनी पहिल्या पानावर छापलं, की कुरखेड्याकडच्या जंगलात एका मोठ्या ठेकेदारानं कूपाच्या हद्दीबाहेरचं सरकारी सागवान तोडून नेलं. कूप म्हणजे सरकारनं लिलावात दिलेला जंगलाचा आखीव तुकडा. त्याच्या आतली झाडं ठेकेदाराची. बाहेरची फांदी तोडली तरी चोरी. बातमीत ठेकेदाराचं नाव होतं, जागा होती, आणि वनखात्यातल्या माणसांनी डोळे मिटून घेतले होते हेही होतं. त्या आठवड्यात ट्रेडल इतकं जोरात चाललं, की माझ्या टेबलावरचा दौत-टाक नाचत होता. बाईंना बातमी पटली होती.

ठेकेदार म्हणजे साधं प्रस्थ नव्हतं. मोटार, बंगला, नागपूरपर्यंत ओळखी. त्यानं गडचिरोलीच्या कोर्टात अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. पण त्याचा राग भाऊंवर जेवढा होता त्याच्या दसपट त्या सांगणाऱ्या माणसावर होता. त्यानं कूपावरच्या माणसांना एकेक करून बोलावलं. मजूर, गाडीवान, मुकादम, कुणाला सोडलं नाही. कुणाला दम दिला, कुणाला मारलं. त्या मुलखात जंगलाचं काम सुटलं तर दुसरं काम नाही. झोपडी उभी ती जागाही वनखात्याच्या मर्जीतली. नाव बाहेर आलं असतं तर तो माणूस बायकापोरांसकट देशोधडीला लागला असता, आणि तेसुद्धा जिवंत राहिला तर. हे मला ठाऊक होतं, भाऊंना ठाऊक होतं, आणि कुठंतरी जंगलात जीव मुठीत धरून बसलेल्या त्या माणसाला तर होतंच होतं.

पहिल्यांदा फौजदार आला, छापखान्याची झडती घ्यायला. बातमीचा मूळ मजकूर हवा होता. त्यानं कपाटं उपसली, रद्दी पालथी केली, बाईंचा पिठाचा डबा उघडला. एक चिटोरं सापडलं नाही.

"लिहिलेलं काहीच नाई?" फौजदार घामाघूम होऊन म्हणाला. "मग छापता कशावरून?"

भाऊंनी खिळ्यांचा अख्खा खण उचलून त्याच्यापुढं ठेवला. "ज्यानं सांगितलं त्याचं नाव यातच आहे, साहेब. अक्षरं सारीच्या सारी आहेत. फक्त सुटी आहेत. तुम्ही जुळवा."

फौजदारानं खण बाजूला सारला आणि तो पाणी पिऊन निघून गेला. मी माडीच्या जिन्यावर बसून पोट धरून हसत होतो. पण हसणं फार दिवस टिकलं नाही.

गडचिरोलीचे मॅजिस्ट्रेट पुण्याकडून बदलून आलेले, सरळ आणि शिस्तीचे गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच तारखेला स्पष्ट सांगितलं, "संपादक, तुम्ही लिहिलंत ते खरं असेल तर सिद्ध करा. ज्यानं सांगितलं त्याला साक्षीला आणा. तो खरा ठरला तर तुम्ही सुटलात. नाहीतर मला शिक्षा द्यावी लागेल. तो माणूस कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे का?"

मी भाऊंचं धोतर हळूच ओढलं. माहीत नाही म्हणा, एवढंच म्हणायचं होतं.

"माहीत आहे," भाऊ म्हणाले. कोर्टात ते शुद्ध बोलत. "सांगणार नाही."

बाहेर आल्यावर मी भडकलो. वकिलाला अशिलाचं गुपित राखायचा हक्क कायद्यानं दिलाय, संपादकाला असा कोणताही हक्क दिलेला नाही, हे मी त्यांना झाडाखाली उभं करून समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्हाले कायद्यानं देल्ला. मले कोनीच नाई देल्ला," ते म्हणाले. "म्हनून मी घेतलो."

मग ठेकेदारानं दुसरी चाल केली. मला बंगल्यावर बोलावून, चहा पाजून सांगितलं, की नाव कळवा, फिर्याद उद्या मागे घेतो. कोर्टात नको, कानात सांगितलं तरी चालेल. मी अशिलाचा वकील. निरोप पोचवणं माझं काम. मी तो पोचवला. भाऊ प्रूफ तपासत होते. बाईच म्हणाल्या, "वकीलसाहेब, आमी इतके वर्सं पेपर फुकट वाचू देल्ला लोकाईले. मानूस फुकट देनार नाई." आणि पाय दाबून मशीन सुरू केलं.

नंतर ठेकेदारानं जे केलं, त्यानं मी हादरलोच. त्यानं स्वतःच अर्ज दिला, की कोर्टानं जंगलात येऊन जागा पाहावी. कूपाच्या हद्दीबाहेर तोडलेल्या झाडाचा एक तरी खुंट दिसला तर मी फिर्याद सोडतो. मी गुपचूप एका ओळखीच्या माणसाला पाठवून खात्री करून घेतली. त्यानं परत येऊन सांगितलं, की जागा साफ आहे. वणव्यानं काळी झालेली जमीन, वर पाचोळा, खुंट नावाला नाही. भाऊंना कुणीतरी बनवलं होतं, आणि हा भला माणूस त्याच्यासाठी तुरुंगात जायला निघाला होता.

पण भाऊ खूश! अर्जाला त्यांची काही हरकत नव्हती. फक्त त्यांना तारीख हवी होती.

आता तारखा मागणं हा आम्हा वकिलांचा कुळाचार. पण अशीलच उठून तारखा मागतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. एका तारखेला म्हणाले, फिर्याद इंग्रजीत आहे, मला मराठी भाषांतर हवं. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तुम्हाला आत्ता बाहेर इंग्रजी पेपर वाचताना पाहिलं मी."

"वाचतो, साहेब. पण मी कुणाचा अपमान केला, ते मायबोलीत वाचल्याशिवाय समजायचं नाही."

भाषांतरात वैशाख गेला. मग म्हणाले, हद्दीचा नकाशा वनखात्याच्या शिक्क्याचा हवा. तो यायला जेठ सरला. मॅजिस्ट्रेटनी मला चेंबरमध्ये बोलावून सुनावलं, "तुमचा अशील पाहणी टाळतोय. असं माणूस केव्हा करतो ते तुम्हालाही कळतं." मी मान खाली घालून बाहेर आलो आणि सगळा राग भाऊंवर काढला. ते म्हणाले, "वकील, रोवनी होऊन जाऊ द्या." धानाच्या रोवणीचा आणि माझ्या खटल्याचा काय संबंध, ते मला समजेना.

पुढं तर नदीच त्यांच्या बाजूनं उभी राहिली. चांद्याहून गडचिरोलीला जायचं म्हणजे मधे वैनगंगा, आणि तेव्हा पूल नव्हता. पूर आला की नदी ओलांडायचे डोंगे बंद. भाऊ हजर नाहीत म्हणून कोर्टानं वॉरंट काढलं, तर वॉरंट घेऊन आलेला शिपाईच त्यांच्यासोबत काठावर अडकला. मासे धरणाऱ्या ढीवरांच्या झोपडीत दोघं राहिले. आरोपी मासळी साफ करतोय आणि शिपाई ती तळतोय, असं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पूर ओसरेपर्यंत शिपायाला भाऊंनी पेपरचे मागचे अंक वाचून दाखवले. तो शेवटी मला म्हणाला, "वकीलसाहेब, याहीले सजा नका होऊ देऊ. पेपर बंद पडन."

पोळा झाला आणि पाहणीचा दिवस ठरला.

कोर्ट, कारकून, दोन्ही वकील, ठेकेदार आणि त्याचा मुनीम, असे आम्ही बैलगाड्यांतून चिखल तुडवत गेलो. पावसात कूप बंद असतं. मजूर आपापल्या गावी धानाच्या बांधीत. ज्याच्या राज्यात हे सारं झालं तो वनाधिकारीही बदलून गेलेला. ठेकेदार उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच तिथं येत होता. वाटेत मला विडी देऊ करून म्हणाला, "वकीलसाहब, आपण फुकट तकलीफ घेऊन राह्यले." मी विडी घेतली नाही.

हद्दीचे दगड लागले. ते ओलांडून आम्ही थोडं आत गेलो आणि मॅजिस्ट्रेट थबकले.

समोर झाडं नव्हती. मोकळा उतार होता, आणि त्या उतारावर जागोजागी जमिनीतून सागाची पानं वर आली होती. कमरेइतकी, कुठं छातीइतकी, घोसाघोसानं. एकेक पान सुपाएवढं. मोठ्या झाडालाही एवढं पान नसतं. इथं एक घोस, चार पावलांवर दुसरा, त्यापलीकडे तिसरा, थेट खालच्या नाल्यापर्यंत. उन्हात ती हिरवीगार पानं हलत होती.

मॅजिस्ट्रेट एका घोसाजवळ गेले. हातातली काठी त्यांनी पानांच्या मधोमध जमिनीत खुपसली. वीतभर माती, मग टक् असा आवाज आला. त्यांनी स्वतः वाकून हातानं माती बाजूला केली. खाली कुऱ्हाडीनं जमिनीबरोबर कापलेला सागाचा खुंट होता, आणि त्याच्याच कडेनं ते फुटवे वर आले होते.

ते दुसऱ्या घोसाकडे गेले. टक्. तिसऱ्याकडे गेले. टक्. मग कारकुनाला म्हणाले, "मोजायला लागा." कारकून बिचारा संध्याकाळपर्यंत मोजत होता.

मी ठेकेदाराकडे पाहिलं. त्याला लाकूड कळायचं. ओंडक्यावर बोट वाजवून तो भाव सांगायचा. झाड मात्र त्याला कळत नव्हतं. खुंट खणून काढायचे कष्ट नकोत म्हणून त्यानं ते मातीखाली पुरून टाकले, वर आग फिरवली, आणि मेलेल्या माणसासारखे ते तिथंच राहतील असं समजला. साग पुरून मरत नाही. पाऊस पडला की तो दुप्पट जोमानं उठतो. हे त्या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, मग ज्यांनी माती लोटली त्यांना माहीत नसेल?

परतताना गाडीत मी भाऊंचा हात गच्च धरला. माझा राग कुठल्या कुठं गेला होता. "तुम्हाला ठाऊक होतं."

"मले सांगनाऱ्यानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या," भाऊ म्हणाले. "तोडले अन् पुरले. मी एकच छापलो."

"अहो, पण का? पुरल्याचं छापलं असतं तर दुसऱ्या दिवशी खणून खटला खलास!"

"तोडतांनी पन्नास लोक होते, वकील. गाडीवाले होते, गावातले होते. कोनीही सांगू शकते. पुरतांनी पाच-सहाच होते. मी 'इथी खना' म्हनलो असतो, तर ठेकेदारानं त्या पाच-सहाईतून मानूस सांजेपर्यंत हुडकला असता." मग म्हणाले, "आता पाहा. आता कोनी सांगाची गरजच नाई. साऱ्याईले दिसून राह्यलं."

त्या रात्री मला झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. माझ्या वकिलीतला सगळ्यात मोठा खटला माझ्या अशिलानं तोंड न उघडता जिंकला होता, आणि मी पाच महिने त्याला मूर्खात काढत होतो.

निकालाचा दिवस बाजाराचा निघाला. फिर्याद फेटाळली, आरोपी निर्दोष, आणि सागवानाच्या चोरीबद्दल ठेकेदारावर कारवाईची शिफारस. निकाल वाचताना मॅजिस्ट्रेट एका जागी थांबले आणि भाऊंकडे बघून म्हणाले, "ही माहिती कुणी दिली, हा प्रश्न या कोर्टानं तीनदा विचारला होता. तो आता विचारण्याचं कारण उरलेलं नाही." भाऊंनी वाकून नमस्कार केला. कोर्टात मी त्यांना वाकलेलं तेवढंच पाहिलं.

बाहेर बाजार सगळा कोर्टाच्या आवारात लोटला होता. कुरखेड्याकडचे मजूर, गाडीवान, मुकादम, त्यांच्या बायका, सगळे. कुणी झेंडूच्या माळा आणलेल्या, कुणी नारळ, एका म्हातारीनं तर टोपलीभर काकड्या. वॉरंट घेऊन आलेला तो शिपाई वर्दीत होता तरी डफ वाजवत होता. "भाऊ, जितले ना हो!" असा एकच गलका. बाई चांद्याहून आल्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत सगळ्यांना रागावत होत्या, की रांग लावा, रांग लावा.

रांग लागली. एकेक जण पुढं येऊन माळ घाली. भाऊ हात जोडत आणि प्रत्येकाला, अगदी प्रत्येकाला, आयुष्यात पहिल्यांदा भेटल्यासारखं विचारत, "नाव काय म्हनले?"

माणूस नाव सांगे. भाऊ मान डोलावत. पुढचा येई.

मी त्यांच्या अगदी शेजारी उभा होतो. डोळ्यांत तेल घालून त्यांचा चेहरा वाचत होतो. कुठं पापणी लवते का, कुठं हात जरा जास्त वेळ धरला जातो का. वकिलाची जात, दुसरं काय! पण शेवटच्या माणसापर्यंत त्या चेहऱ्यावर मला काही म्हणजे काही सापडलं नाही.

पलीकडे लिंबाखाली ठेकेदाराचा मुनीम उभा होता. तोही तेच शोधत होता. आणि ज्या एका नावासाठी झडती झाली, माणसांना मार बसला, भाऊ तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन आले, ते नाव त्या दिवशी भर बाजारात, मुनिमाच्या कानांदेखत, एका माणसानं स्वतःच्या तोंडानं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि नारळाचा प्रसाद खाऊन तो आपल्या घरी गेला.